कुमारिकांचा चौक

सेव्हिलच्या राजवाड्यातल्या सर्वांत देखण्या चौकाचं नाव 'पातिओ दे लास दोन्सेयास', म्हणजे कुमारिकांचा चौक. राजवाड्याला आल्काझार म्हणतात. चौकाच्या चारी बाजूंना ओवऱ्या आहेत. जुळ्या संगमरवरी खांबांवर पाकळीदार कमानी पेललेल्या आहेत, मागच्या भिंतींवर कमरेपर्यंत रंगीत टाइल्सची नक्षी आहे आणि मधोमध एक लांबट हौद आहे. या चौकाच्या नावाची कथा सेव्हिलमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. स्पेनवर मुसलमान सुलतानांचा अंमल होता, तेव्हा उत्तरेकडच्या ख्रिस्ती राजांना दरवर्षी शंभर कुमारिका खंडणी म्हणून द्याव्या लागत. पन्नास सरदारांच्या घरातल्या, पन्नास सामान्यांच्या. त्या मुली या चौकात रांगेने उभ्या राहत आणि सुलतान ओवरीत बसून त्यांच्यातून निवड करी.

ऐकताना काळजात कळ उठते. पण हा चौक कुठल्याच सुलतानाने बांधलेला नाही. कास्तीलचा राजा फर्नांदो तिसरा याने सेव्हिल शहर मुसलमानांकडून घेतलं ते २३ नोव्हेंबर १२४८ रोजी. चौक बांधला गेला तो त्यानंतर शंभरावर वर्षांनी, आणि बांधवून घेणारा होता फर्नांदोच्याच वंशातला ख्रिस्ती राजा, पेद्रो पहिला. या ओवरीत बसून खंडणी मोजणारा सुलतान कधी नव्हताच.

मग ही कथा आली कुठून? तिचा उगम सेव्हिलपासून खूप दूर, स्पेनच्या उत्तरेला आहे. आठव्या शतकात आस्तुरियास या छोट्या डोंगरी राज्यावर माउरेगातो नावाचा राजा होता. त्याने कोर्दोबाच्या अमीराची मदत घेतली आणि त्या बदल्यात शंभर कुमारिकांची खंडणी कबूल केली, असं सांगतात. पुढे रामिरो पहिला याने ती द्यायचं नाकारलं, ८४४ मध्ये क्लाविहो इथे लढाई झाली आणि खुद्द संत याकोब पांढऱ्या घोड्यावर बसून ख्रिस्ती सैन्याच्या मदतीला आला. अशी लढाई झालीच नाही, यावर आज इतिहासकारांचं एकमत आहे. कथा कागदावर उतरली ती बाराव्या शतकात, म्हणजे तीनशे वर्षांनी, आणि ज्या कागदावर उतरली तो कागदच बनावट होता. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथीड्रलमध्ये तयार झालेली ही सनद रामिरो राजाची म्हणून दाखवली गेली. संताने विजय मिळवून दिला म्हणून शेतकऱ्यांनी दरवर्षी धान्य आणि द्राक्षारसाचा वाटा कॅथीड्रलला द्यावा, असं तिच्यात लिहिलं होतं. या सनदेच्या जोरावर तो वाटा शतकानुशतकं वसूल होत राहिला. १८१२ मध्ये कादिझच्या संसदेने तो रद्द केला, राजा परत आल्यावर तो पुन्हा लागू झाला, आणि अखेर १८३४ मध्ये कायमचा बंद पडला.

या कथेबद्दल माझ्या मनात गोडवा नाही, ते याचमुळे. ज्या मुली कधी पाठवल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या नावाने खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांनी खळ्यावरचं धान्य मोजून दिलं. पुढे हीच कथा देशभर हिंडत सेव्हिलला पोचली आणि अरबी कमानी दिसल्या म्हणून या चौकाला चिकटली. चौकाचा खरा इतिहास तिच्याखाली झाकला गेला. तो इतिहास काही सोज्वळ नाही, त्यात रक्त भरपूर आहे. पण त्यातली माणसं खरी आहेत.

पेद्रोचा जन्म १३३४ चा. त्याचा बाप अल्फोन्सो अकरावा १३५० मध्ये जिब्राल्टरला वेढा घालून बसला असताना प्लेगने मेला आणि पंधरा वर्षांचं पोर गादीवर आलं. घर आधीच फाटलेलं होतं. अल्फोन्सोने लग्नाच्या राणीला, म्हणजे पेद्रोच्या आईला, बाजूला सारून लिओनोर दे गुस्मान या बाईबरोबर संसार मांडला होता. तिला त्याच्यापासून दहा मुलं झाली. राजा डोळे मिटतो न मिटतो तोच सूड सुरू झाला. १३५१ मध्ये लिओनोरला कैदेत मारण्यात आलं. तिचे मुलगे, विशेषतः एन्रिके आणि फाद्रिके ही जुळी भावंडं, आता पेद्रोचे सावत्र भाऊही होते आणि वैरीही. पेद्रोने स्वतः बापाचीच वाट धरली. १३५३ मध्ये फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यातली ब्लांश ही मुलगी त्याने राणी करून आणली आणि लग्नानंतर दोन-तीन दिवसांत तिला सोडून तो मारिया दे पादिया या आपल्या प्रेयसीकडे निघून गेला. ब्लांशचं उरलेलं आयुष्य कैदेतच गेलं. १३६१ मध्ये ती मेली. त्याच वर्षी मारियाही गेली.

याच धामधुमीत, १३५६ च्या सुमारास, पेद्रोने आल्काझारमध्ये स्वतःसाठी नवा महाल बांधायला घेतला. जागा जुनी होती. दहाव्या शतकापासून इथे मुसलमान सुभेदारांची, मग सेव्हिलच्या सुलतानांची, मग मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहाद राज्यकर्त्यांची वस्ती होती. शहर ख्रिस्त्यांच्या हाती आल्यावर तेराव्या शतकात अल्फोन्सो दहावा याने इथेच उंच गॉथिक धाटणीचा महाल उभारला. तोच कित्ता गिरवायचं पेद्रोच्या मनात आलं नाही. त्याने सेव्हिल आणि तोलेदोचे मुसलमान कारागीर लावले, ग्रानादाच्या कलाकुसरीचा आधार घेतला आणि जो महाल उभा राहिला, त्याचे चौक, कमानी, हौद आणि घुमट सगळे अरबी वळणाचे झाले. ख्रिस्ती अमलाखाली राहणाऱ्या मुसलमानांना तिथे मुदेखार म्हणत. त्यांच्या हातच्या या कामालाही आता तेच नाव आहे.

ही काही राजाची एकट्याची लहर नव्हती. त्याच्या बापाने याच आल्काझारमध्ये न्यायदानाचं दालन याच पद्धतीने सजवून घेतलं होतं. पेद्रोचा ज्यू खजिनदार सामुएल हा-लेवी याने याच सुमारास तोलेदोत जे प्रार्थनामंदिर बांधलं, त्याच्या भिंतींवरही हीच नक्षी आहे, हिब्रू आणि अरबी अक्षरांसकट. एव्हाना हा कास्तीलच्या श्रीमंतीचा स्वतःचा पोशाख झाला होता. याचा अर्थ तिथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते असा मात्र काढू नये. त्याच सामुएलला १३६० मध्ये राजाने पकडलं, संपत्ती कुठे दडवली आहे म्हणून त्याचा छळ केला आणि त्या छळातच तो सेव्हिलमध्ये मेला. राजाला अरबी अक्षरं आवडत होती, ज्यू खजिनदाराची हुशारी हवी होती, मुसलमान गवंड्याचा हात हवा होता. माणसाचा जीव मात्र त्याच्या मर्जीवर होता.

या कारागिरांचं काम जवळून बघण्यासारखं आहे. ओवरीच्या भिंतीवरची टाइल-नक्षी एका साच्यातून काढलेली नाही. आधी मातीच्या सपाट फरश्या एकेका रंगाच्या झिलईत भाजून घेत. एक पांढरी, एक काळी, एक हिरवी, एक निळी, एक मधाच्या रंगाची. मग छिन्नीसारख्या अणकुचीदार हत्याराने त्या फरशीचे हवे तसे तुकडे तोडत, कडा घासून घेत. कुठे चांदणी, कुठे पट्टी, कुठे कोनाडा पडलेला चौकोन. हे सुटे तुकडे एकमेकांत असे बसवत की मधला सांधा डोळ्याला लागू नये. चांदणीच्या एका टोकापासून निघालेली पांढरी पट्टी शेजारच्या चांदणीखालून जाते, वर येते, पुन्हा खाली जाते आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत कुठे तुटत नाही. रंग वेगळा म्हणजे तुकडा वेगळा. टाइलवर रंगवलेलं चित्र आणि हे काम यांतला फरक बोट फिरवलं की कळतो. वर, कमानींच्या माथ्यावर, जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली समभुज चौकोनांची जाळी आहे. तिच्यावर उन्हाची तिरीप आली की भिंत जड वाटतच नाही.

आणि अक्षरं. महालाच्या दर्शनी भिंतीवर गॉथिक लिपीत कास्तीलच्या बोलीत कोरलेलं आहे की थोर, कुलीन आणि पराक्रमी राजा डॉन पेद्रोने हे महाल आणि ही प्रवेशद्वारं बांधवली. तिथे दिलेलं साल तेव्हाच्या स्पॅनिश कालगणनेत १४०२ आहे, म्हणजे आपलं १३६४. त्याच पट्टीच्या मधोमध निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर कूफी लिपीत दुसरा मजकूर आहे: अल्लाशिवाय कोणीही विजयी नाही. हे ग्रानादाच्या नस्रिद सुलतानांचं ब्रीद. अक्षरं आरशात दिसावीत तशी सुलट-उलट मांडलेली आहेत. ख्रिस्ती राजाच्या दारावर शेजारच्या मुसलमान घराण्याचं ब्रीद, तेही राजाच्या पदव्यांच्या ओळीत. आतल्या भिंतींवर अरबीत 'आमचा धनी सुलतान डॉन पेद्रो' याचा जयजयकार आहे. चौकातून राजदूतांच्या दालनात जाताना लागणारी लाकडी दारं १३६६ ची, तोलेदोच्या सुतारांनी केलेली. त्यांच्या एका बाजूला अरबी मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात. चौकातून एकच सुलतान वावरत होता आणि तो मिस्सा ऐकणारा ख्रिस्ती राजा होता.

नस्रिदांचं ब्रीद इथे कसं आलं, ते समजण्यासाठी ग्रानादाच्या गादीकडे वळावं लागतं. तिथला सुलतान मुहम्मद पाचवा हा पेद्रोचा मांडलिकही होता आणि मित्रही. १३५९ मध्ये घरच्याच कटाने त्याला पदच्युत केलं आणि तो मोरोक्कोत फेझला पळाला. कटवाल्यांपैकी अबू सईद पुढे स्वतःच सुलतान होऊन बसला. त्याच्या लालसर केसांवरून कास्तीलमध्ये त्याला 'तांबडा राजा' म्हणत. पेद्रोने मुहम्मदची बाजू घेतली. १३६२ मध्ये अबू सईदचं आसन डळमळू लागलं, तेव्हा तो बरोबर रत्नांच्या पेट्या आणि माणसं घेऊन सेव्हिलला आला आणि पेद्रोच्या पायाशी आश्रय मागू लागला. पेद्रोने त्याला ठेवून घेतलं, रत्नं काढून घेतली आणि शहराबाहेरच्या ताब्लादाच्या माळावर साथीदारांसह त्याला ठार केलं. पहिला भाला राजाने स्वतः फेकला. त्या लुटीतला एक मोठा लाल खडा पुढे इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, म्हणजे 'ब्लॅक प्रिन्स', याच्याकडे गेला, असं सांगतात. 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून तो आजही ब्रिटनच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला जडवलेला आहे. खरं तर ते माणिक नव्हे, स्पिनेल आहे.

मुहम्मद पाचवा ग्रानादाला परतला. अल्हाम्ब्रातला जगप्रसिद्ध सिंहांचा चौक त्याने याच दुसऱ्या कारकिर्दीत बांधला. म्हणजे दोन राजवाड्यांत दोन चौक जवळजवळ एकाच काळात उभे राहत होते. एकाचा धनी मुसलमान, दुसऱ्याचा ख्रिस्ती, दोघांत तह झालेला आणि दोघांच्या भिंतींवर एकच ब्रीद. कोणी कोणाचं पाहून काय उचललं, यावर कला-इतिहासाचे अभ्यासक अजून वाद घालतात. देवाणघेवाण झाली, एवढं दोन्ही भिंती उघड सांगतात.

हा महाल नवाकोरा असताना तिथे आलेला एक पाहुणा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो. १३६४ च्या सुमारास मुहम्मदचा वकील म्हणून इब्न खल्दून पेद्रोच्या दरबारी आला. तो तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेला होता. ज्या ग्रंथासाठी जग त्याला ओळखतं, तो 'मुकद्दिमा' अजून लिहायचा होता. त्याचा जन्म ट्युनिसचा, पण घराणं मूळ सेव्हिलचं. ख्रिस्ती सैन्य जवळ येऊ लागलं तेव्हा त्याच्या पूर्वजांनी शहर सोडलं होतं. आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलंय की पूर्वजांच्या खुणा त्याने सेव्हिलमध्ये डोळ्यांनी पाहिल्या. राजाच्या ज्यू वैद्याने दरबारात त्याची स्तुती केली आणि पेद्रोने त्याला विचारलं, इथेच राहतोस का? राहिलास तर तुझ्या घराण्याचा जमीनजुमला परत देतो. इब्न खल्दूनने मान राखून नकार दिला. निघताना राजाने त्याला सोन्याचं खोगीर घातलेलं खेचर भेट दिलं. परतल्यावर त्याने ते आपल्या सुलतानाला नजर केलं.

घराणी कशी चढतात आणि कशी पडतात याचा नियम शोधणारा तो माणूस त्या वेळी पेद्रोचं दैव जवळून बघत होता. पुढल्या पाच वर्षांत पेद्रो संपला.

पण त्याआधी एक खून सांगायला हवा, कारण आल्काझारची दुसरी प्रसिद्ध दंतकथा त्याच्यावरच उभी आहे. एन्रिकेचा जुळा भाऊ फाद्रिके हा सान्तियागोच्या सरदारसंघाचा प्रमुख होता. २९ मे १३५८ रोजी तो राजाच्या भेटीला सेव्हिलला आला. हे सगळं इतिवृत्तकार पेरो लोपेस दे आयाला याने टिपलं आहे, आणि त्याचं वर्णन वाचताना श्वास अडकतो. राजा सोंगट्या खेळत बसला होता. फाद्रिकेने हात चुंबला, गोडीत दोन शब्द झाले, मग तो मारिया दे पादियाला भेटायला गेला. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं आणि तिच्या चेहऱ्यावरून ते कोणालाही कळलं असतं, असं आयाला म्हणतो. अंगणात परत आला तेव्हा त्याची खेचरं नाहीशी झालेली आणि दारं लावलेली. राजाने पुन्हा बोलावलं आणि गदाधारी शिपायांना हुकूम दिला. फाद्रिके अंगणात पळत सुटला, तलवार उपसू लागला, पण मूठ पट्ट्यात अडकली आणि ती बाहेरच येईना. गदेच्या घावांनी तो पडला. त्याचा एक माणूस राजाच्या छोट्या मुलीला उचलून ढालीसारखी पुढे धरून उभा राहिला. राजाने मुलगी बाजूला काढायला लावली आणि त्याला खंजीर मारला. मग फाद्रिकेत अजून धुगधुगी आहे असं दिसल्यावर आपला खंजीर एका नोकराच्या हाती दिला. काम संपल्यावर राजा तिथेच जेवायला बसला.

राजवाड्यात दगडी फरशीवरचा एक तांबूस डाग फाद्रिकेचं रक्त म्हणून दाखवतात. तो दगडाचाच रंग आहे, आणि पेद्रोचा नवा महाल तर तेव्हा अजून बांधून व्हायचा होता. आयालाचं वर्णनही डोळे झाकून घेता येत नाही. तो पेद्रोच्या चाकरीत होता, मग बाजू बदलून एन्रिकेकडे गेला, आणि एन्रिकेच्या घराण्याच्या छायेत त्याने हे इतिवृत्त लिहिलं. पेद्रोला जितका काळा रंगवावा तितकं त्याच्या नव्या धन्याचं पाप हलकं होत होतं. तरीही खून झाला, याबद्दल शंका नाही.

सेव्हिलच्या लोकांनी मात्र पेद्रोबद्दल दोन्ही प्रकारच्या कथा जपल्या. एका बाजूने तो 'क्रूर', दुसऱ्या बाजूने 'न्यायी'. रात्री एकटाच गल्लीत फिरताना त्याने कोणाला तरी द्वंद्वात मारलं. खिडकीतून दिवा धरून बघणाऱ्या म्हातारीने चेहरा पाहिला नाही, पण चालताना गुडघे वाजतात त्यावरून मारेकरी ओळखला. मारेकऱ्याचं मुंडकं जिथे गुन्हा घडला तिथेच लावीन, असं राजा बोलून चुकला होता. त्याने शब्द पाळला आणि स्वतःच्या मस्तकाची प्रतिमा त्या कोपऱ्यावर बसवली. त्या गल्लीचं नाव आजही 'राजा डॉन पेद्रोचं मस्तक' असं आहे आणि शेजारच्या गल्लीचं नाव म्हातारीच्या दिव्यावरून पडलं आहे. आल्काझारच्या तळघरात, गॉथिक कमानींच्या खाली पावसाचं पाणी साठवायचा लांबलचक हौद आहे, त्याला मारिया दे पादियाचं स्नानगृह म्हणतात. ती तिथे न्हायची आणि खुशामतखोर सरदार ते पाणी ओंजळीने प्यायचे, अशी कथा. एकाने मात्र ओंजळ भरली नाही. रस्सा चाखला तर पाखराचीही वासना होईल, असं कारण त्याने राजाला सांगितलं.

शेवट वाईट झाला. एन्रिकेने फ्रेंच भाडोत्री सैन्य आणलं आणि पेद्रो हा मुसलमानांचा आणि ज्यूंचा राजा आहे, अशी हाकाटी गावोगाव पिटली. या महालाच्या भिंती त्याच्या हाकाटीला आयत्याच पुरावा झाल्या असतील. ग्रानादाच्या मुहम्मदने शेवटपर्यंत पेद्रोला फौजेची मदत केली. २३ मार्च १३६९ रोजी मोन्तिएलला एका फ्रेंच सेनापतीच्या तंबूत दोघे सावत्र भाऊ समोरासमोर आले, जमिनीवर लोळत झुंजले, आणि एन्रिकेने पेद्रोला खंजिराने मारलं. ज्याला 'मुसलमानांचा मित्र' म्हणून गादीवरून खेचलं, त्याचा अरबी महाल मात्र एन्रिकेने पाडला नाही. त्यानंतरचे सगळे राजे त्यातच उतरत राहिले. १४२७ मध्ये राजदूतांच्या दालनावर दिएगो रुइस याने लाकडी घुमट चढवला तोही त्याच मुदेखार परंपरेतला, सोनेरी चांदण्या जोडत गेलेला. दोन्ही घराण्यांचं वैर पुढे लग्नाने मिटलं. पेद्रोची नात कातालिना १३८८ मध्ये एन्रिकेच्या नातवाला दिली गेली.

आपल्या किनाऱ्याशी या राजवाड्याचं नातं जुळतं ते सोळाव्या शतकात. मार्च १५२६ मध्ये सम्राट कार्लोस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाची बहीण इसाबेल हिच्याशी याच आल्काझारमध्ये लग्न केलं. दोघं सख्खी मावसभावंडं, त्यामुळे पोपची परवानगी आणावी लागली होती. त्यांचा मुलगा फिलिप दुसरा. पोर्तुगालची गादी वारसाविना रिकामी झाली तेव्हा आईच्या बाजूने हक्क सांगून त्याने १५८० मध्ये ती मिळवली. गोवा, वसई, चौल ही ठाणी तेव्हापासून १६४० पर्यंत एका स्पॅनिश राजघराण्याच्या मुकुटाखाली होती. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून कोर्लईचा किल्ला घेतला, तेव्हा ज्याच्या नावाने तो घेतला तो राजा फिलिपच होता. कोर्लईच्या तटावरून कुंडलिकेचं मुख बघताना सेव्हिलच्या त्या लग्नमांडवाची आठवण कोणाला येत नाही, पण धागा तिथूनच सुटलेला आहे.

कार्लोस आणि फिलिप या बापलेकांनीच चौकाचं रूप बदललं. १५४० पासून पुढची तीसेक वर्षं वरचा मजला चढत होता. आराखडा लुइस दे व्हेगाचा, इटालियन पद्धतीचा: गोल कमानी, साधे कठडे, पांढरा संगमरवर. खाली पेद्रोचं पाकळीदार काम आणि वर हा शांत, सरळ मजला. खालचे जुने खांबही काढून तिथे जिनोआहून आणलेले संगमरवरी खांब बसवले. मला हे जोडकाम मनापासून आवडतं. वरच्या मजल्याने खालच्याची नक्कलही केली नाही आणि त्याला दाबूनही टाकलं नाही. पण १५८० च्या दशकात एक मोठी गोष्ट झाकली गेली. मधला भाग माती घालून भरला, वर संगमरवरी फरशी टाकली आणि मध्यभागी कारंजं बसवलं. चौक सपाट झाला आणि पुढची चारशे वर्षं सगळ्यांना वाटत राहिलं, तो असाच होता.

२००२ ते २००५ या काळात पुरातत्त्वज्ञ मिगेल आन्हेल ताबालेस यांच्या पथकाने ती फरशी उचलली. खाली पेद्रोचा चौक जवळजवळ जसाच्या तसा होता. मधोमध लांब हौद, त्याच्या दोन्ही अंगांना चालायच्या पातळीपेक्षा खूप खोल बागा, आणि त्या बागांच्या उभ्या भिंतींवर एकमेकांत गुंतलेल्या विटांच्या कमानींची नक्षी. खोलगट बागेची कल्पना अशी की ओवरीतून चालणाऱ्याच्या पायाच्या पातळीला झाडांचे शेंडे आणि फुलं यावीत. फुलांवरून चालल्याचा भास व्हावा, शेजारी पाणी काठोकाठ असावं आणि कमानी त्यात उलट्या दिसाव्यात. ही तऱ्हाही इथलीच होती. अल्मोहाद काळातल्या अशाच खोल बागा याच आल्काझारच्या आवारात सापडल्या आहेत. पेद्रोच्या माळ्यांना ती शोधायला फार लांब जावं लागलं नसेल.

खोदाई ताजी असतानाच रिडली स्कॉट यांच्या 'किंगडम ऑफ हेवन' या चित्रपटासाठी चौक पुन्हा फरशीने झाकला गेला आणि पडद्यावर तो जेरुसलेमच्या ख्रिस्ती राजाचा दरबार झाला. चित्रीकरण संपल्यावर बागा परत उघड्या केल्या आणि आज त्या तशाच आहेत. हे बरोबर झालं का, यावर तिथल्या जाणकारांत मतभेद होते. फिलिपची फरशी आणि कारंजंही चारशे वर्षांचा खरा इतिहासच होता, ती काढून फक्त पेद्रोचा काळ का दाखवायचा? प्रश्न रास्त आहे. माझं मत बागांच्या बाजूचं आहे. वरच्या मजल्यावर, खांबांवर आणि घुमटावर पुढच्या राजांच्या खुणा भरपूर उरल्या आहेत. तोलेदोच्या सुताराने, सेव्हिलच्या मुसलमान गवंड्याने आणि ग्रानादाशी तह केलेल्या राजाने मिळून जमिनीत जे खोल कोरलं, ते मात्र फरशीखाली गेलं की दिसायला दुसरी जागा नव्हती.

पेद्रोची हाडं बऱ्याच ठिकाणी हिंडून १८७७ मध्ये सेव्हिलला आली. राजवाड्यासमोरच्याच कॅथीड्रलमध्ये, राजघराण्याच्या तळघरात, ती ठेवलेली आहेत. मारिया दे पादियाही तिथेच आहे. १९३१ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकाने आल्काझार सेव्हिल नगरपालिकेच्या हवाली केला, १९८७ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला, आणि स्पेनचे राजे शहरात उतरले की वरच्या मजल्यावरची दालनं अजूनही त्यांच्यासाठी राखलेली असतात. १९९५ मध्ये राजकन्या एलेनाच्या लग्नाची मेजवानी इथेच झाली.